दोष लेखनिकाचा कीं लेखकाचा?

जुन्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस अखेरच्या पानावरील एक श्लोक ठाऊक असेल. पोथी उतरून काढणारा लेखनिक त्यांत सांगतो कीं, जसें पुस्तक पाहिलें तसें लिहिलें. तें शुद्ध असो वा अशुद्ध असो, दोष मला देऊं नये. मुकुंदराजांची समाधि ज्या गांवीं आहे, आणि सुमारें ४० फूट लांबीच्या कापडावर पासोडी लिहिणारे दासोपंत जेथें राहिले, त्या अंबाजोगाईंत आमचें आयुष्य गेलें. त्यामुळें हा श्लोक लहानपणापासून आमच्या कानांवरून गेलेला आहे. तेव्हां आम्हांस त्यांतील नम्रता आवडे. वय वाढलें तशी तिच्या पोटांत दडलेली चतुराईहि दिसूं लागली. आणि अलीकडे, पोथ्यांशीं ज्याचा कांहींएक संबंध नाहीं अशा एका कारणानें, हा श्लोक आठवला कीं मन अस्वस्थ होतें.

आम्ही व्यवसायानें गणिताचे अध्यापक. महाविद्यालयांत संगणक आले तेव्हां, ज्याला गणित येतें त्याला हेंहि येईल अशा समजुतीनें तो विषय आमच्या पदरीं पडला, आणि ‘सी’ नांवाची भाषा आम्ही विद्यार्थ्यांच्या दोन पावलें पुढें राहून शिकत शिकत शिकवीत गेलों. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास रचलेली ही भाषा यंत्राला थेट कळत नाहीं. मध्यें दुभाषा लागतो. दुभाषे दोन जातींचे. एक आपलें एकेक वाक्य ऐकून तें तत्काळ पलीकडे सांगतो. दुसरा सबंध लेख आधीं वाचतो, त्याचें व्याकरण तपासतो, जेथें खटकेल तेथें बोट ठेवून तो लेखकाकडे परत पाठवितो, आणि सर्व मनाजोगें झालें म्हणजे मगच संपूर्ण भाषांतर हवालीं करतो. या दुसऱ्यास कंपायलर म्हणतात. आमच्याकडे ‘टर्बो सी’ हा कंपायलर असे. १९८७ सालीं निघालेलें हें साधन जगानें अडगळींत टाकल्यावरहि आमच्या प्रयोगशाळांत कित्येक वर्षें सुखानें नांदत होतें.

या कंपायलरसमोर बसलेला नवशिका विद्यार्थी पाहण्यासारखा असतो. एका ओळीच्या शेवटीं अर्धविराम राहून गेला तर कंपायलर एकदम वीस तक्रारी करतो. त्यांतील पहिली खरी, बाकीच्या तिच्या सावल्या. जाणता मनुष्य पहिलीच तेवढी दूर करतो. नवशिका शेवटच्या तक्रारीपासून प्रारंभ करून चांगल्या ओळी बिघडवीत वर येतो. अखेर केव्हां तरी कंपायलर गप्प बसतो, आणि मुलगा आनंदानें ओरडतो, “सर, झालं!” पण काय झालेलें असतें? ‘रामानें रावणास मारलें’ आणि ‘रावणानें रामास मारलें’ हीं दोन्ही वाक्यें व्याकरणाच्या दृष्टीनें सारखींच निर्दोष आहेत. कंपायलर वैयाकरण आहे. लंकेंत काय घडलें हें त्याला ठाऊक नाहीं. पुष्कळदां तो चूक न म्हणतां नुसता इशारा देतो आणि भाषांतर करून मोकळा होतो. असे इशारे न वाचण्याची संवय विद्यार्थ्यांस जितकी लवकर लागते तितकी दुसरी कोणतीहि लागत नाहीं. (अध्यापकांस ती नसते असें आम्ही म्हणणार नाहीं.) याहून चमत्कारिक स्थळें आहेत. १९८९ सालीं अमेरिकेंत या भाषेचें जें प्रमाण ठरलें त्यांतच सांगितलें आहे कीं, अमुक अमुक ठिकाणीं लेखकानें पाऊल टाकल्यास पुढें काय होईल याविषयीं नियमच नाहीं. साधा पूर्णांक आपल्या मर्यादेबाहेर वाढणें हें त्यांपैकीं एक. आमची गोष्ट नेमकी येथें घडली.

गरीब घरच्या हुशार मुलांस पुढील शिक्षणासाठीं वार्षिक साहाय्य देणाऱ्या एका संस्थेनें विद्यार्थ्यांची यादी लावण्याचें काम आमच्याकडे दिलें होतें. काम क्षुल्लक. चार विषय, प्रत्येकीं १०० गुण. एकूण गुणांस १०० नें गुणावें, ४०० नें भागावें, आणि ज्याचे शेंकडा ६० किंवा अधिक भरतील त्याचें नांव उतरत्या क्रमानें छापावें. आम्हीं एका संध्याकाळीं आज्ञावली लिहिली. कंपायलरनें एक शब्दहि काढला नाहीं. कांहीं वर्षें यादी बिनचूक निघाली.

आतां टर्बो सीमध्यें साधा पूर्णांक सोळा घरांत बसवितात; प्रत्येक घरांत शून्य किंवा एक. त्या घरांत मावणारी मोठ्यांत मोठी संख्या ३२७६७. तींत एक मिळविला कीं ३२७६८ न येतां उणें ३२७६८ येतात. म्हणजे शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवरून आणखी एक पाऊल टाकणारा थेट तळघरांत पडतो, आणि पडल्याचा आवाजहि होत नाहीं. ज्याचे गुण ३२७, त्याचा गुणाकार ३२७००, तो मावतो. ३२८ चा गुणाकार ३२८००. तो मावत नाहीं. आमच्या यादींत कित्येक वर्षें ३२८ पर्यंत कोणी पोहोंचलेंच नाहीं. २००३ सालीं एका मुलीस ३३० गुण मिळाले. ऊसतोडीसाठीं दरसाल घरदार पाठीवर घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या आईबापांची ती मुलगी. ३३००० चे यंत्रानें उणें ३२५३६ केले, त्यांस ४०० नें भागून उणें ८१ काढले, उणें ८१ हे ६० पेक्षां कमी आहेत हें बरोबर ओळखलें, आणि तिचें नांव गाळलें. यादींत पहिलें असावयाचें तें नांव यादींत नव्हतें, आणि तिच्याहून कमी गुणांचीं सर्व नांवें यथास्थित होतीं.

कोणीं तक्रार केली नाहीं. पुढच्या वर्षीं ३४५ गुण मिळविलेल्या एका मुलाचें नांव असेंच गळलें; परंतु त्याचे वडील वकील होते, आणि यादी लागली त्याच दिवशीं दुपारीं ते आमच्या दारांत उभे राहिले. म्हणून दोष सांपडला.

तो शोधतांना आमचें मन कोणत्या वाटांनीं गेलें हें सांगण्याजोगें आहे. प्रथम आम्हीं गुण भरणाऱ्या कारकुनावर संशय घेतला. आंकडे ताडून पाहिले, ते बरोबर होते. मग यंत्रावर, दुसऱ्या यंत्रावर आज्ञावली चालविली, तेथेंहि तेंच. मग कंपायलरवर. हा तिसरा संशय सर्वस्वीं वेडेपणाचा नव्हे. केन थॉम्पसन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत दाखवून दिलें आहे कीं, कंपायलरच्या पोटांत अशी लबाडी लपवितां येते कीं लेखकाची प्रत्येक ओळ निर्मळ असूनहि भाषांतर विषारी निघावें, आणि कंपायलरची स्वतःची मूळ लिपि तपासली तरी ती दिसूं नये. पण असल्या थोर शंकेचा आश्रय घेण्याइतका आमचा दोष थोर नव्हता. शेवटीं आम्हीं, विद्यार्थ्यांस पहिल्या आठवड्यांत शिकवितों तेंच केलें: प्रत्येक पायरीवर येणारा आंकडा पडद्यावर छापून पाहिला. गुणाकारापाशीं उणें ३१०३६ दिसले. आज्ञावलींत एक शब्द बदलला, दुप्पट घरांचा पूर्णांक घेतला, आणि ती कंपायलरकडे पुन्हां दिली. तो आधीं जसा गप्प होता तसाच आतांहि गप्प राहिला. त्याला दोन्ही सारखेंच.

वकिलांच्या मुलाचें नांव त्याच संध्याकाळीं यादींत लागलें. मग सुचूं नये तें सुचलें: मागील वर्षांचे आंकडे काढून दुरुस्त आज्ञावलींतून घालवावे. बाकी वर्षें जशींच्या तशीं निघालीं. २००३ च्या यादीच्या शिरोभागीं मात्र एक नवें नांव आलें. तो कागद आम्हीं खणांत ठेवला आणि आठ दिवस तो खण उघडला नाहीं. एका स्नेह्यास विचारलें; ते म्हणाले, “वर्ष उलटून गेलं. तिला माहीत नाही, संस्थेला माहीत नाही. सांगून तिला दुःखच द्यायचं ना?” हा युक्तिवाद आम्हांस आवडला, आणि आवडला म्हणूनच त्याचा संशय आला.

आमच्या अपराधाचें स्वरूप तरी काय? कान्टचा आधार घेतला तर हेतु निर्मळ, तेव्हां कृत्याला कलंक नाहीं. आमचे धर्मशास्त्रकार इतके उदार नाहींत. जाणून केलेलें पातक आणि नकळत घडलेलें पातक असा भेद ते करतात, परंतु दुसऱ्यालाहि प्रायश्चित्त सांगतात, फक्त हलकें. आम्ही या दुसऱ्या वर्गांत मुकाट्यानें जाऊन बसलों असतों. पण आमचें पातक नकळत घडलेलें होतें काय? ३२७६७ हा आंकडा आम्हीं दरवर्षीं जून महिन्यांत फळ्यावर लिहिला आहे, त्याच्याखालीं दोन रेघा ओढल्या आहेत, परीक्षेंत त्यावर प्रश्न घातला आहे, आणि ज्यांनीं उत्तर चुकविलें त्यांचे गुण कापले आहेत. म्हणजे अज्ञान नव्हतें. ज्ञान होतें, पण अॅरिस्टॉटल म्हणतो त्याप्रमाणें झोपलेल्या माणसापाशीं असतें तसें होतें. वर्गांतील विद्या आणि हातांतील काम यांच्या खोल्या वेगळ्या होत्या, आणि मधलें दार आम्हीं कधीं ठोठावलें नव्हतें. कंपायलर गप्प राहिला तेव्हां आपल्याला कोणीं तरी तपासलें आहे असें समजून आम्हीं स्वतःला तपासण्याचें सोडून दिलें. लेखनिक म्हणत होता, जसें पाहिलें तसें लिहिलें. आणि आम्ही म्हणत होतों, लेखनिकानें वाचलें आहे ना, मग बरोबरच असेल. दोघांनींहि दोष दुसऱ्याच्या दारांत ठेवला आणि तो मधल्या रस्त्यावर बेवारस पडून राहिला.

त्या आठ दिवसांत आम्हीं आरियान अग्निबाणाची हकीकत पुन्हां वाचली. ती वाचण्याचें कारण उघड आहे. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून ‘आरियान ५’ प्रथमच उडाला आणि सुमारें ४० सेकंदांत, चार उपग्रहांसह, नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक गणकांतील एक संख्या चौसष्ट घरांतून सोळा घरांत उतरवितांना मावली नाहीं. तेच सोळा, आणि तीच ३२७६७ ची मर्यादा! आज्ञावली ‘एडा’ भाषेंत होती. ती सीपेक्षां पुष्कळ कडक शिस्तीची, तिनें आरडाओरड केली, पण अशी ओरड झाली म्हणजे गणक बंद करावा असेंच आधीं ठरवून ठेवलें होतें, म्हणून गणक बंद पडला. आणि त्याचा जोडीदार तर त्याच कारणानें क्षणभर आधींच बंद पडला होता. अशा सात संख्यांपैकीं चारांस संरक्षण दिलें होतें, तीन उघड्या ठेवल्या होत्या, कारण गणकावर भार फार पडूं नये आणि त्या संख्या तितक्या वाढणार नाहींत असा हिशेब होता. हिशेब खोटा नव्हता. तो जुन्या ‘आरियान ४’ चा होता. नवा अग्निबाण अधिक वेगवान निघाला, एवढाच त्याचा गुन्हा. ज्या कामासाठीं ती संख्या काढली जात होती त्याची उड्डाणानंतर गरजहि नव्हती. जे. एल. लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळानें त्याच वर्षीं जुलैमध्यें अहवाल दिला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, चूक दिसेपर्यंत आज्ञावली बरोबर समजावी ही रीत उलट केली पाहिजे. ती बरोबर असल्याचें दाखवून देईपर्यंत सदोषच समजली पाहिजे. न्यायालयांत माणसाविषयीं जें गृहीत धरतात त्याच्या अगदीं उलट हें आहे. आम्हांस तें पटतें. माणूस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहून बोलूं शकतो. ज्यांच्यावर यादीचा परिणाम होतो ते बहुधा यादीच्या जवळपासहि नसतात.

आमच्या आज्ञावलीनें दुबळ्यास दुखविलें नाहीं, सरासरीच्या मुलास दुखविलें नाहीं. जो आमच्या अपेक्षेबाहेर वाढला त्यालाच तिनें पाडलें. खोलीची उंची बांधतांना आपल्या घरांतील सर्वांत उंच माणूस मोजावा आणि पाहुण्याचें कपाळ फुटलें म्हणजे दैवाला बोल लावावा, तशांतला हा प्रकार.

नवव्या दिवशीं आम्हीं संस्थेस पत्र लिहिलें आणि दहाव्या दिवशीं मुलीच्या गांवीं गेलों. बालाघाटाच्या माथ्यावरील वस्ती. पाऊस नुकताच उघडला होता. आईबाप अजून कारखान्यावर निघालेले नव्हते. ती शिक्षण सोडून गांवांतल्या लहान मुलांची शिकवणी घेत होती. आम्हीं सर्व सांगितलें. बाप म्हणाला कीं त्यानें तेव्हां एकदां जाऊन विचारलें होतें. यादी यंत्रानें काढली आहे, यंत्र चुकत नाहीं, असें त्याला सांगण्यांत आलें. संस्था ती रक्कम देण्यास तयार आहे हें ऐकून त्यानें मुलीकडे पाहिलें. ती रागावली नाहीं. आम्ही रागाची तयारी करून गेलों होतों. तो आला असता तर कदाचित् आमचें ओझें हलकें झालें असतें.

“मार्क तर तुला ठाऊक होते,” आम्ही म्हणालों, “मग तूं कां विचारलें नाहींस?”

ती म्हणाली, “काहीतरी नियम असंल म्हटलं, सर. आपल्याला कुठं सगळे नियम माहीत असतात?”

मग तिनें विचारलें कीं, चूक झाली तरी कशी? आम्हीं पाकिटाच्या पाठीवर सोळा चौकटी काढल्या, त्या कशा भरतात आणि भरल्यावर काय होतें हें दाखविलें. वर्गांत हें समजावयास मुलांना दोन तास लागतात. तिनें पेन्सिल आमच्या हातांतून घेतली, ३३० ला १०० नें गुणिलें, ३२७६७ शेजारीं लिहिले, आणि थोडा वेळ दोन्ही आंकड्यांकडे पाहत राहिली.

“म्हणजे, सर,” ती म्हणाली, “तीन मार्क कमी पडले असते तर माझं नाव लागलं असतं?”

आम्हीं ‘हो’ म्हटलें.