चमत्कार झाल्यावर



गेल्या माघात इंदापूर तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची सेवा होती. पाचव्या दिवशी दुपारी गावची चार जाणती माणसे आमच्या बिऱ्हाडी आली. पाणी झाले, सुपारी झाली, मग एकाने विषय काढला. "महाराज, आज जरा त्या प्रार्थनावाल्यांना झोडा. कालव्याकडच्या वस्तीवरचं एक घर दर रविवारी बारामतीला जातंय. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, अन् म्हणे तिच्या फिट थांबल्या. पिढ्यान्पिढ्या वारी करणारं घर हो ते!"

"बघू" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण पुढे आडवे झालो तरी डोळा लागेना. कारण त्या रात्रीसाठी आम्ही जे आख्यान योजले होते ते गोरोबाकाकांचे. चिखलात पायाखाली तुडवले गेलेले लेकरू पुन्हा आईच्या कुशीत आले, हे आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. टाळकरी डोळे पुसतात, आम्हीही पुसतो. आता आमचे लेकरू उठले ते खरे आणि त्यांची पोर बरी झाली ते थोतांड, हे कोणत्या तोंडाने बोलावे? परपक्षाला जो दोष द्यायचा तो आपल्या पदरी नाही ना, हे आधी चाचपून पाहावे, असे पाठशाळेत आमच्या गुरुजींनी कान धरून शिकवले होते.

तेव्हा चमत्कार खरा की खोटा हा वाद आम्ही बाजूला ठेवला. तो सुटतही नाही. त्याऐवजी चमत्कार झाला असे मानणारा माणूस पुढे काय करतो, तिकडे पाहू लागलो.

आमच्यापाशी मराठी नवा करार आहे. मोरोपंतांच्या आर्या समजावून घेण्यासाठी बारामतीचे एक ख्रिस्ती शिक्षक आमच्याकडे येत, त्यांनी दिलेला. त्या दिवशी तो जवळ नव्हता, पण वाचलेले आठवत होते. लूकच्या शुभवर्तमानात दहा महारोगी बरे झाले, आणि आभार मानायला परत फिरला तो एकटाच, तोही परक्या जमातीचा, शोमरोनी. योहानाने पाच भाकरी व दोन मासळ्यांवर पाच हजारांचा मेळा जेवल्याची कथा सांगितली आहे. दुसऱ्या दिवशी तेच लोक येशूला शोधत सरोवरापलीकडे गेले, तेव्हा त्याने त्यांना सरळ ऐकवले की तुम्ही खूण पाहून आला नाहीत, पोट भरले म्हणून आलात. पुढे बोलणे जड झाले तसे त्याचे पुष्कळ शिष्यही पांगले. मार्कात तर एक भूतबाधा झालेला माणूस शुद्धीवर आला, पण त्यात डुकरांचा कळप बुडाला, म्हणून गावकऱ्यांनी येशूला गाव सोडून जाण्याची विनंती केली! माणूस सुधारला याचा आनंद नाही, डुकरे गेली याची हळहळ. आणि गंमत अशी की बरे केलेल्यांना तो पुष्कळदा बजावतो, हे कोणाला सांगू नकोस. ते मात्र गावभर सांगत सुटतात.

हे वाचून आम्हाला परके काहीच वाटले नाही. आमच्याकडे पतंजलींनी सिद्धींना समाधीच्या वाटेवरचे विघ्न म्हटलेच आहे. आणि तुकोबारायांचे पाहा. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. आपण असतो तर मंडप घालून वाजंत्री लावली असती. तुकोबांच्या मनाने काय घेतले? आपण हट्ट धरून बसलो, आपल्यापायी विठ्ठलाला पाण्यात तिष्ठावे लागले, हा आपला अपराध झाला. तो परतलेला महारोगी आणि हे देहूचे तुकोबा एकाच पंगतीला बसतील, असे आम्हास वाटते. बाकीचे नऊ जण सर्व धर्मांत आहेत आणि त्यांत कधीमधी आम्हीही असतो.

तुकोबारायांची पालखी यवतहून वरवंडकडे निघते तेव्हा वाटेत चौफुला लागतो. तिथून थोडे आत केडगाव. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. 1905 च्या जून अखेरीस तेथे मुलींमध्ये प्रार्थनेची मोठी लाट उसळली. मुली रडत, पापे बोलून दाखवीत, अंगात अग्नी शिरल्यासारखे वाटते म्हणत. काहींच्या तोंडून अनोळखी भाषा निघाल्याचे सांगितले गेले. कोणी दैवी म्हटले, कोणी उन्माद म्हटला; गोऱ्या मिशनऱ्यांतही एकमत नव्हते.

या बाई मूळच्या कोण? अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या, भागवत मुखोद्गत असलेल्या, 1878 मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरविलेल्या. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, याचे शल्य आमच्या पाठशाळेत आम्ही लहान असतानाही होते. पण त्यांचे आत्मनिवेदन थोरपणी वाचले आणि आम्ही गप्प झालो. देव प्रसन्न होऊन धन देईल या भरवशावर शास्त्रीबोवांनी होते नव्हते ते अनुष्ठानांत आणि दानात घातले. 1870 नंतरच्या दुष्काळात घर अन्नान्न झाले, आई-बाप आणि थोरली बहीण गेली. चमत्काराची वाट पाहण्यात जिचे घर बुडाले, तिच्या दारात तो आल्याचे लोक सांगू लागले, तेव्हाही तिचे दळण, विणकाम, तेलघाणा, छापखाना चालूच राहिला. दुष्काळात गोळा केलेल्या शेकडो मुली त्यावर उभ्या राहिल्या. बाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल करीत बसल्या. त्या 1922 मध्ये वारल्या, ग्रंथ 1924 मध्ये पुरा छापला गेला. धर्मांतर आम्हाला आजही रुचत नाही. पण कामाची ही रीत आम्ही नाकारू शकत नाही.

आता आमच्या पदरचे एक सांगतो. इतकी वर्षे कोणास सांगितले नव्हते. फार मागे बारामतीकडच्या एका खेड्यात हेच गोरोबांचे आख्यान रंगले. लोक पायांवर डोके ठेवून गेले. शेवटी एक बाई उरली. तिचे पोर विहिरीत पडून महिनाही झाला नव्हता. ती रडली नाही. म्हणाली, "महाराज, मीबी एकादशा केल्या. माझं का नाही उठलं?" आम्ही प्रारब्ध, पूर्वसंचित असे काहीतरी संस्कृतात घोळवून बोललो. ती मान डोलवून गेली. आम्हाला बिदागी मिळाली, उपरणे मिळाले. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगण्यास मोकळीक ठेवली आहे, तेव्हा आमच्यावर बोट ठेवायला कोणी येणार नाही. पण कथा सांगताना मंडपात असे एखादे माणूस बसलेले असते, ज्याला काही मिळाले नाही, याचा विचार आम्ही कधीच केला नव्हता. प्रार्थनावाल्यांकडेही ते माणूस असणारच. तुझा विश्वास कमी पडला, असे ते म्हणतील. तुझे प्रारब्ध, असे आम्ही म्हणालो. दोन्हीकडे दुःखी माणसाच्याच डोक्यावर वरून धोंडा.

असो. कीर्तनाआधी सायंकाळी आम्ही त्या वस्तीवर गेलो. गावकऱ्यांना आवडले नाही, एक जण कुरकुरत सोबत आला. बाईने घोंगडी टाकली, चहा केला. पोर अंगणात शेळीचे करडू धरून बसली होती. देव, धर्म यांचा विषय आम्ही काढलाच नाही. एवढेच विचारले, "माउली, डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत ना?"

बाई दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "तिथले एक जण म्हणाले, आता गोळी म्हणजे अविश्वास. पोरीच्या बापालाबी तसंच वाटतं. मी चोरून देते, महाराज. रोज रात्री. पाप लागंल का?"

आम्ही म्हटले, "लागलं तर आमच्या नावावर मांड. पण गोळी चुकवू नकोस, अन् डॉक्टरला विचारल्याबिगर कमीही करू नकोस."

रात्री आम्ही गोरोबांचे आख्यान लावलेच. पोर उठते तेथवर आलो, टाळ चढले, आणि तिथे आम्ही हात वर करून टाळ थांबवले. ज्यांची उठली नाहीत त्या आयांसाठी नुसते नाम घेऊ या, म्हटले. मंडप बराच वेळ विठ्ठल विठ्ठल करीत राहिला. झोडायला सांगणारे पुढच्या रांगेत होते. त्यातले एक, ज्यांचा मुलगा तीन वर्षांमागे गेला, खाली मान घालून बसले होते. वस्तीवरची बाई बायकांच्या मागे, खांबाशी उभी दिसली. काल्याच्या दिवशी तिने येऊन प्रसाद घेतला. कोणी तिला अडवले नाही.