पातं शेवटी निवड

जेऊर, ता. करमाळा

प्रिय भाच्यास,


मासे धरायला तू बनवलेल्या फिरकीचा फोटो पाहिला. स्टीलच्या चमच्याची वाटी कापून केलेलं पातं छान चकाकतंय. पण ते सावकाश ओढलं की फिरत नाही आणि जोरात ओढलं की तंगूसाला पीळ पडतो, असं तू लिहिलंस. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच: तू पातं आधी निवडलंस आणि बाकीचं त्याला जोडत गेलास. उलटं कर.

आधी पाणी बघ. आपल्याला उजनीच्या फुगवट्यात, चिखलठाण-कुगावच्या काठानं गळ टाकायचाय. 1980 ला धरण पुरं झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. वाड्यांच्या भिंती, विहिरी, बाभळी अजून तळाशी आहेत. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की त्यातल्या काही उघड्या पडतात. तेव्हा येऊन त्या जागा डोळ्यांत साठवून ठेव, नाहीतर निम्म्या फिरक्या तिथंच अडकून राहतील. आणि मासा कोणता ते ठरव. रोहू-कटला फिरकीला सहसा विचारत नाहीत. फिरकीवर झडप घालतात ते शिकारी मासे, मरळ आणि शिंगटा.

आता तार. बांधकामावरची बाइंडिंगची तार घेऊ नकोस. ती मऊ असते, गंजते, आणि एक मासा झटकला की वाकते. वाकलेल्या तारेवर पातं फिरत नाही. स्टेनलेसची कडक तार घे, साधारण 0.8 मिलिमीटरची, वाकवून सोडली की परत सरळ होणारी. सायकलची तार फार जाड पडते.

तारेवर पातं ज्या छोट्या वाकड्या पट्टीनं अडकतं तिला क्लेव्हिस म्हणतात. मी तिला रिकीब म्हणतो, कारण घोड्याच्या रिकिबीसारखीच दिसते. सगळा जीव तिथं आणि तिच्याखालच्या मण्यात आहे. पातं फिरतं तेव्हा पाण्याचा दाब रिकिबीला मागं ढकलतो आणि ती त्या मण्यावर टेकून घासत फिरते. मणी गुळगुळीत हवा, रिकिबीच्या भोकात न घुसणारा हवा. मी पहिल्या वर्षी प्लास्टिकच्या माळेतले मणी वापरले. त्यांना साच्याची बारीक कड होती, तिच्यावर रिकीब अडायची, आणि मी सबंध पावसाळा पात्यालाच दोष देत राहिलो. काचेचा किंवा पितळेचा गोल मणी घे. रिकिबीच्या भोकांच्या कडा बारीक कानशीनं घास, बोटाला खरखर लागता कामा नये.

1938 साली आंद्रे म्यूलनार या फ्रेंच इंजिनिअरनं मेप्स नावाची फिरकी काढली. तीही अशीच आहे: तार, पातं, मणी, पितळेचं अंग, गळ.

अंग म्हणजे मण्याखालचं वजन. ते हलकं असलं तर पात्याच्या जोरानं सगळी फिरकीच गरगरते, तुझा पीळ तिथूनच येतो. अंग जड कर आणि तंगूस व फिरकी यांच्यामध्ये स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, घाल. पण शिसं घरात वितळवू नकोस, अगदी माळवदावरही नको. धूर आणि धूळ दोन्ही विषारी, आणि ताईच्या घरात लहान लेकरू आहे. पितळी नळीचे तुकडे नाहीतर पितळी मणी ओव, काम भागतं.

आणि शेवटी पातं. चमच्याचं स्टील जाड, म्हणून हळू ओढीला जागं होत नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा माग. लाकडाच्या खोलगट ओंडक्यावर ठोकून त्याला वाटी दे. रुपयासारखं गोल पातं तारेपासून लांब उभं राहतं, सावकाश ओढीलाही फिरतं आणि पाण्यात थरथर उठवतं. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात मासा त्या थरथरीनंच शोधत येतो. कडुनिंबाच्या पानासारखं लांबट पातं तारेला चिकटून फिरतं, त्याला वेगानं ओढ लागते, ते खोल जातं. निवळ पाण्यासाठी ते ठेव. पात्याचं टोक गळाच्या कडीपलीकडे जाऊ देऊ नकोस.

गळ तिकडी नको, एकेरी घे. गवतात कमी अडकतो आणि लहान मासा सोडायचा तर तोंड फाटत नाही. पावसाळ्यात पिलांचा लालसर पुंजका पाण्यावर उकळताना दिसला, तर खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथं फिरकी टाकायची नाही. जोडी काढलीस तर पुंजका दुसरे मासे संपवतात. तुटलेला तंगूस खिशात घालून आण, रोहित पक्ष्यांच्या पायांत तो गुंततो.

नवी फिरकी झाली की आधी बादलीत नाही, लांब हौदात ओढून बघ. बादलीत पात्याला धाव मिळत नाही. दिवाळीला येशील तेव्हा तीन घेऊन ये, दोन गोल आणि एक लांबट. मणी मी इथं घासून ठेवतो.

तुझा,
मामा