मतभेद ठेवून एकत्र

चि. मुक्ता,

‘त्यांची भूमिका पुरेशी ठाम नाही’ म्हणून तुमच्या अभ्यासमंडळाने दुसऱ्या विद्यार्थी गटाशी संबंध तोडले, असे तू कळवलेस. सध्या तू फॅसिझमविरोधी चळवळीचा इतिहास वाचते आहेस. हा निर्णय त्या इतिहासाशी एकदा ताडून पाहा.

आधी जर्मनी वाच. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना १९६ जागा मिळाल्या. सोशल डेमोक्रॅटांना १२१ आणि कम्युनिस्टांना १००, म्हणजे दोघांची बेरीज नाझींपेक्षा जास्त होती. ती बेरीज कधी झालीच नाही. १९२९ च्या मे दिनी सोशल डेमोक्रॅट प्रमुखाच्या हाताखालच्या बर्लिन पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या होत्या, त्यामुळे कम्युनिस्टांचा राग खरा होता. पण त्या रागात त्यांनी सोशल डेमोक्रॅटांनाच ‘सोशल फॅसिस्ट’ ठरवले. १९३२ मध्ये उभारलेली त्यांची फॅसिझमविरोधी आघाडीही सोशल डेमोक्रॅट कामगारांना हाक घाली, त्यांच्या नेत्यांना मात्र शत्रू मानी. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. पुढे ऑगस्ट १९४४ मध्ये कम्युनिस्टांचे नेते थेलमान आणि सोशल डेमोक्रॅटांचे नेते ब्राइटशाइड, दोघेही बुखेनवाल्डच्या छळछावणीतच मेले. एक गोळीने, दुसरे हवाई हल्ल्यात.

मग इटली वाच. सप्टेंबर १९४३ मध्ये रोमला फॅसिझमविरोधी पक्षांची राष्ट्रीय मुक्ती समिती स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट, समाजवादी, ख्रिश्चन डेमोक्रॅट, उदारमतवादी असे सहा पक्ष होते. राजा ठेवायचा की नाही, यावर टोकाचे मतभेद होते. तो वाद त्यांनी युद्धानंतरच्या सार्वमतावर सोपवला आणि २ जून १९४६ ला जनतेने प्रजासत्ताक निवडले. मे १९४७ मध्ये डाव्यांना सरकारबाहेर ठेवले गेले, तरी नव्या राज्यघटनेचे काम त्यांनी सोडले नाही. डिसेंबरमध्ये घटना ४५३ विरुद्ध ६२ मतांनी मंजूर झाली. समतेच्या आड येणारे आर्थिक-सामाजिक अडथळे दूर करणे हे राज्याचे कर्तव्य, असे तिचे तिसरे कलम सांगते. कशाला विरोध आहे याबरोबरच काय उभारायचे आहे, हेही त्यांनी लिहून ठेवले.

आणखी एक लक्षात ठेव. १९६१ मध्ये पूर्व जर्मनीच्या राजवटीने बर्लिनची भिंत बांधली आणि तिला ‘फॅसिझमविरोधी तटबंदी’ म्हटले. त्या तटबंदीने आपल्याच नागरिकांना कोंडले. म्हणून आपली बाजू न्यायाची आहे, एवढ्यावर विसंबू नये. आपल्या माणसांनाही प्रश्न विचारावेत.

तेव्हा त्या गटाला भेटायला तूच जा. ज्यावर एकमत आहे ते कागदावर उतरवा. ज्यावर नाही, ते कधी आणि कसे सोडवायचे तेही ठरवा. मतभेद लपवू नकोस, पण त्यांच्यापायी उद्याचे सोबती आज गमावू नकोस.

तुझा,
मामा