तेलाचे चार थेंब

जुनी वस्तु विकावयास काढली म्हणजे तिच्याविषयीं विकणारास जितकें ठाऊक असतें तितकें घेणारास नसतें. या विषमतेंतून एक पुरातन प्रश्न उत्पन्न होतो : जें कोणीं विचारलेंच नाहीं, तें न सांगणें हें असत्य होय काय? मोठ्या व्यवहारांत हा प्रश्न कायद्याच्या जंजाळांत हरवतो. म्हणून आम्ही मुठींत मावणाऱ्या एका यंत्राचें उदाहरण घेतों.

हौशी लोक लहान प्रतिकृति-विमानें उडवितात. त्यांतील पुष्कळ एंजिनें मिथेनॉलवर चालतात. इ. स. १९४७ मध्यें अमेरिकेंतील रे आर्डन यानें ग्लो-प्लग प्रचारांत आणला व अशा एंजिनांस ठिणगीची गरज उरली नाहीं. प्लगांतील प्लॅटिनमयुक्त तारेचें वेटोळें आरंभीं विजेनें तापवावें लागतें. पुढें तें ज्वलनाच्या योगानें तप्त राहतें. मात्र नळकांड्यांतील मिश्रण नीट दाबलें गेलें पाहिजे. हा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, हाच या यंत्राचा प्राण.

पंखा हातानें फिरविला आणि दट्ट्या माथ्याशीं येतांना विरोध जाणवला नाहीं, कीं अननुभवी मनुष्य एंजिन झिजलें असा निकाल देतो. हा निकाल घाईचा होय. प्लग सैल असेल, त्याखालचें वायसर दबलें असेल, माथ्याचे स्क्रू ढिले असतील, किंवा एंजिन पडून राहिल्यामुळें इंधनांतील एरंडेल वाळून दट्ट्याचें कडें खांचेंत चिकटलें असेल. हे सर्व दोष बहुधा साध्य आहेत. शिवाय एकाच लक्षणाचा अर्थ सर्वत्र एक नसतो. कडें असलेलें एंजिन थंड असतां ढिलें वाटूनहि चांगलें चालूं शकतें. उलट, क्रोमचा मुलामा दिलेलें पितळी नळकांडें व अ‍ॅल्युमिनियमचा दट्ट्या असलेलें एंजिन थंडपणीं माथ्याशीं आवळलेंच पाहिजे. सांधे घट्ट असूनहि तें ढिलें लागलें, तर झिजेचा संशय घ्यावा.

खरी परीक्षा तेलाची. प्लगच्या व माथ्याच्या सांध्यांवर तेल लावून पंखा फिरवावा. बुडबुडे आले तर वायूची वाट तेथें आहे. न आल्यास नळकांड्यांत तेलाचे चार थेंब सोडावे. दाब एकदम वाढला तर वायु दट्ट्याच्या कडेनें निसटत होता हें उघड झालें. एंजिन केवळ कोरडें पडलें होतें कीं खरोखर झिजलें आहे, हें मात्र तें तेल जळून गेल्यावर, तापलेल्या एंजिनाच्या चालण्यावरूनच कळतें.

आतां हेच चार थेंब विकणारानें, गिऱ्हाईक येण्यापूर्वीं, घातले तर? त्यानें एकहि खोटा शब्द उच्चारलेला नाहीं. इतकेंच नव्हे, तर गंज लागूं नये म्हणून तेल घालून ठेवणें हा चांगल्या मालकाचा नेमच आहे. कृति एकच, ती घेणाराच्या हातीं परीक्षा, मालकाच्या हातीं रक्षण आणि लबाडाच्या हातीं फसवणूक होते.

सिसेरोनें इ. स. पू. ४४ मध्यें लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत ऱ्होड्सच्या दुष्काळांत धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट घातली आहे. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यानें सांगावें काय? डायोजेनिसच्या मतें न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटरच्या मतें घेणारापासून कांहींच गुप्त ठेवूं नये. सिसेरोनें व्यापाऱ्यानें लपवूं नये असाच कौल दिला.

कोणी म्हणेल, सर्व दोष सांगत बसलें तर व्यवहार चालावयाचा कसा? आमचें मागणें इतकें मोठें नाहीं. विकणारास सर्व कांहीं ठाऊक असलेंच पाहिजे असें नाहीं. परंतु घेणारा ज्या परीक्षेवर विसंबतो ती परीक्षाच त्यानें बिघडवूं नये. दाब दिसावा म्हणून घातलेलें तेल हें मौन नव्हे. तें हातानें बोललेलें असत्य आहे. आणि रक्षणासाठीं घातलेलें असलें, तरी "आंत तेल आहे, तापवून पाहा," हे शब्द उच्चारावयास किंमत थोडी उतरण्याखेरीज कांहीं पडत नाहीं.

न उच्चारल्यास हानि मात्र केवळ पैशांची होत नाहीं. अशीं एंजिनें पुष्कळदां नवशिके मुलगे घेतात. तो मुलगा तासन्‌तास पंखा फिरवितो, एंजिन चालत नाहीं, आणि तो दोष यंत्रास न देतां आपल्याच हातांस देतो. ज्याचा आपल्या हातांवरील विश्वास असा हिरावला गेला, त्याची भरपाई कोणतेंहि न्यायालय करूं शकत नाहीं.