दिलेला विषय आणि कवीचे इमान

'समस्या' या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ अडचण असा आहे. काव्यव्यवहारात मात्र तो निराळ्या अर्थाने फार पूर्वीपासून वावरत आला आहे. श्लोकाचा एक चरण कोणीतरी पुढे ठेवायचा आणि उरलेले चरण दुसऱ्याने रचून श्लोक पुरा करायचा, ही समस्यापूर्ती. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत तिची गणना आहे. त्या यादीत तिच्या आगेमागे कोडी, भेंड्या आणि उच्चारायला अवघड वाक्ये आहेत. यावरून परंपरेने तिला कोठे बसवले होते ते कळते. ती बुद्धीची आणि शब्दप्रभुत्वाची क्रीडा होती. कवीच्या अंतःकरणाची साक्ष म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. उर्दूतील तरही मुशायऱ्यातही एक ओळ आधी ठरवून दिली जाते आणि तिच्यामुळे वृत्त, यमक, अन्त्यपद हे सारेच ठरून जाते. आपल्या मोरोपंतांनी तर दुसऱ्या कोणी अट घालण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी ओष्ठ्य वर्ण टाळून 'निरोष्ठ रामायण' रचले. म्हणजे ज्या रामायणात 'राम' हा शब्दच लिहिता येत नाही असे रामायण! आजचा वाचक या प्रकाराला हसतो. पण हसताना त्याने एवढे ध्यानात घ्यावे की, मोरोपंतांना त्यात अप्रामाणिकपणाची शंकाही आली नव्हती.

ती शंका अलीकडची आहे. छत्तीसगढच्या परिसरात बिलासपूरला स्थायिक झालेल्या जगन्नाथप्रसाद 'भानु' यांचा 'छंदप्रभाकर' १८९४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हिंदी प्रदेशात समस्यापूर्तीची हौस मोठी होती आणि पिंगळावाचून हौशी कवी पांगळा होता. पुढे थोड्याच वर्षांत महावीरप्रसाद द्विवेदी यांनी या सवयीवर टीका केली आणि कवीने आपला विषय आपण निवडावा असा आग्रह धरला. तरीही कानपूरहून गयाप्रसाद शुक्ल 'सनेही' यांनी चालवलेल्या 'सुकवि' मासिकात ती प्रथा टिकून राहिली. मराठीत केशवसुतांनंतर कविता ही मागून मिळत नाही, ती येते, अशी धारणा दृढ झाली. मर्ढेकरांनी वाङ्मयीन महात्मतेचा विचार करताना आत्मनिष्ठेला जे स्थान दिले, त्याने या धारणेला विचाराचे बळ मिळाले. तेव्हापासून 'दिलेल्या विषयावरची कविता' हे शब्द उच्चारताना मराठी समीक्षकाचा स्वर किंचित तुच्छतेचा होतो.

आणि नेमक्या याच काळात ती प्रथा नव्या वेषात परत आली आहे. भ्रमणध्वनीवर दर आठवड्याला एक शब्द किंवा एक चित्र येते. 'पाऊस', 'माहेर', 'खिडकी', 'शेतकरी'. आठवडा सरण्यापूर्वी त्यावर कविता लिहून ती समुदायाला पाठवायची असते. मुंबई-पुण्यातल्या हौशी कवीला हा विरंगुळा असेल. रायपूरसारख्या शहरातल्या मराठी माणसाच्या बाबतीत मात्र प्रश्न तेवढा सरळ राहत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याने १७४१ मध्ये रतनपूर घेतले आणि पुढे बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून १७८७ पर्यंत कारभार पाहिला. तेव्हापासून मराठी कुटुंबे या मुलखात आहेत. त्यांच्या घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी अशी भाषांची विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. लेखन करायचे झाले की या मुलखातील मोठ्या प्रतिभावंतांनीही हिंदीच स्वीकारली. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत, आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध मराठीभाषी घरातले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठी कवी व समीक्षक झाले, तर गजाननरावांनी हिंदी कवितेचा मार्गच पालटला.

अशा ठिकाणी मराठीत लिहू पाहणाऱ्या माणसाला कोणी वाचक वाट पाहत असल्याची जाणीव नसते. मराठीत लिहिण्याचे त्याला काही कारणच उरत नाही. आठवड्याचा विषय हे कारण त्याला पुरवतो. सोमवारी आलेला एक मराठी शब्द पुढले सहा दिवस त्याच्या मनात घोळत राहतो आणि स्वयंपाकघरापुरती उरलेली भाषा त्या निमित्ताने पुन्हा विचाराची भाषा होऊ लागते. हा लाभ लहान नाही. ज्यांना ही भाषा चोवीस तास उपलब्ध आहे, त्यांनी त्याची थट्टा करू नये.

तरी मूळ शंका उरतेच. बाहेरून आलेल्या शब्दाला उत्तर म्हणून लिहिलेली कविता इमानाची असू शकते काय?

या प्रश्नाचा विचार करायला मुक्तिबोधांइतका उपयोगी मार्गदर्शक नाही. १९५८ पासून ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. रायपूरपासून हे गाव फार दूर नाही. 'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकातील 'तीसरा क्षण' या लेखात त्यांनी कलेचे तीन क्षण मानले आहेत. जीवनातील उत्कट अनुभव हा पहिला. तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांसमोर एका कल्पसृष्टीसारखा उभा राहतो, तो दुसरा. आणि त्या कल्पसृष्टीचे शब्दांत उतरणे, उतरता उतरता बदलत जाणे, हा तिसरा. या क्रमाने पाहिले तर दिलेल्या विषयाने सारे उलटे होते. शब्द आधी हाती येतो आणि अनुभव मागून शोधावा लागतो. यावरून अशी कविता खोटी ठरवण्याचा मोह होतो. पण मुक्तिबोधांच्याच विवेचनात त्याचे उत्तर आहे. तिसऱ्या क्षणी शब्द निमूट राहत नाहीत; ते अनुभवाला धक्का देतात, त्याला रुंदावतात, कधी कवीला ठाऊक नसलेली गोष्ट त्याच्यापुढे आणतात. मग तिसऱ्या क्षणाच्या दारातून आत शिरून पहिल्या क्षणापर्यंत मागे चालत जाणे अशक्य का मानावे? प्रश्न एवढाच की, माणूस खरोखर मागे चालत जातो की दारातच उभा राहून आरोळी देतो.

'पाऊस' हाच विषय घेऊ. रायपूरच्या मराठी कवीच्या लेखणीतून पहिल्या झटक्याला जो पाऊस उतरतो तो बहुधा कोकणातला असतो. त्यात माडाची झावळी हलते, कौलारू घर ठिबकते, पागोळ्या लागतात. हा पाऊस त्याने पाहिलेला नाही. तो शालेय पुस्तकांतून आणि भावगीतांतून त्याच्याकडे आला. त्याच्या खिडकीबाहेरचा पाऊस निराळा आहे. छत्तीसगढच्या मैदानात फोकून पेरलेले धान वीतभर वाढले आणि बांधात पाणी साठले की, उभ्या पिकातच हलका नांगर फिरवतात. त्यामुळे तण मोडते आणि दाटी विरळ होते. या कामाला तेथे 'बियासी' म्हणतात. पाऊस ओढ देऊन बसला तर बियासी अडते आणि गावातील माणसे आभाळाकडे पाहत बसतात. उगवलेले पीक पुन्हा नांगरल्याशिवाय पिकत नाही, ही गोष्ट परक्या माणसाला क्रौर्यासारखी वाटेल. तिच्यासाठी मराठीत सोयीचा शब्द नाही. येथे दिलेला विषय कवीची खरी परीक्षा घेतो. झावळीचा पाऊस लिहिणे म्हणजे समुदायाला हवे ते देणे. बियासीचा पाऊस लिहायचा तर शेताच्या बांधापर्यंत जावे लागते आणि मराठीत एक नवा, खडबडीत शब्द वसवावा लागतो. कोकणचा पाऊस कमी काव्यमय आहे असे कोणी म्हणत नाही. तो त्याचा नाही, एवढेच.

परदुःखाच्या विषयात हीच गोष्ट अधिक गंभीर होते. धानाची कापणी उरकली की छत्तीसगढमधील कितीतरी कुटुंबे बोचकी घेऊन परराज्यांतील वीटभट्ट्यांकडे निघतात. रेल्वेच्या फलाटावर ती कोणालाही दिसतात. एखाद्या आठवड्याचा विषय 'मजूर' असतो. रविवारी रात्रीपर्यंत शेकडो माणसे मजुराच्या घामावर, भेगाळलेल्या टाचांवर आणि उपाशी लेकरावर लिहून मोकळी होतात, आणि सोमवारी 'प्राजक्त' येतो. स्वतः भोगले तेच लिहावे असा दंडक घातला तर साहित्याचा फार मोठा भाग बाद होईल. तेव्हा तो मार्ग नव्हे. परंतु दुसऱ्याच्या उपासमारीचा ज्याला आठवडाभर उपयोग झाला, त्याच्याकडे त्या उपासमारीचे काही देणे लागते की नाही? शरच्चंद्र मुक्तिबोधांनी साहित्याचे मूल्य मानुषतेत शोधले. त्या कसोटीवर भेगाळलेल्या टाचेची ओळ केवळ सुबक आहे म्हणून उत्तीर्ण होणार नाही. लिहिण्यापूर्वी कवीला जे ठाऊक नव्हते असे मजुराविषयी काही त्याला लिहिता लिहिता कळले काय, हे तेथे विचारावे लागेल. टाच सर्वांनाच ठाऊक असते. उचल किती घेतली होती, मुलाचे नाव शाळेच्या पटावरून गेले की राहिले, घराची किल्ली कोणाकडे ठेवली, हे ठाऊक नसते.

असे काही कळायला वेळ लागतो, आणि आठवड्याच्या व्यवस्थेत तोच मिळत नाही. जपानच्या राजवाड्यात नववर्षाच्या काव्यवाचनासाठी सर्व प्रजेला एक विषय दिला जातो. तो आदल्या वर्षीच जाहीर होतो आणि एका माणसाला एकच कविता पाठवता येते. दिलेल्या विषयाला तेथे शतकांची प्रतिष्ठा आहे, पण विचाराला महिने मिळतात. मुक्तिबोधांनी 'अँधेरे में' वर्षानुवर्षे घडवली. येथे मात्र कविता पाठवल्याबरोबर वाहवा सुरू होते, आणि जो वाहवा देतो त्याला ती परत द्यावी लागते. हा देवघेवीचा व्यवहार नवा नाही. पुण्याच्या रविकिरण मंडळाचे कवी १९२३ च्या सुमारास रविवारी चहाच्या निमित्ताने जमत आणि एकमेकांना कविता वाचून दाखवत. त्या मंडळातून मराठीला माधव जूलियन आणि यशवंत मिळाले, हे खरे. पण आपापसांतल्या कौतुकाची हवा काढण्यासाठी अत्र्यांना 'झेंडूची फुले' लिहावी लागली, हेही तितकेच खरे. समोरासमोरच्या बैठकीत निदान श्रोत्याची जांभई तरी दिसते.

दिलेल्या विषयाचा स्वीकार करणाऱ्याला आणखी एक हक्क आहे, जो क्वचितच कोणी वापरतो: उत्तर न देण्याचा. रायपुरातला एखादा माणूस आठवडाभर 'पाऊस' या शब्दापाशी बसतो, झावळीच्या चार ओळी लिहून खोडतो, आणि रविवारी काहीच पाठवत नाही. समुदायात कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. सोमवारी 'खिडकी' येते. त्याच्या वहीत मात्र पान उघडेच असते, आणि त्यावर एकच शब्द असतो, 'बियासी', त्याच्यापुढे मराठी प्रतिशब्दासाठी सोडलेली जागा तशीच कोरी.