रात्रपाळीची वही

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस गावाचं नाव सांगण्याआधी घाटावरचा की घाटाखालचा हे सांगतो. ही गोष्ट घाटाखालची, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या तीस खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयातली. तिथं रात्री एकच सिस्टर असायची. कॉरिडॉरच्या एका टोकाला लेबर रूम, दुसऱ्या टोकाला वॉर्ड, आणि मधल्या ट्यूबलाइट बहुतेक बंद.

चिखलीकडची एक तरुण सिस्टर तिथं नव्यानं रुजू झाली होती. एका रात्री ती बाळंतपणात होती. बाळाचं डोकं दिसायला लागलेलं, हात काढणं शक्य नव्हतं. तेवढ्यात वॉर्डातल्या किडनीच्या पेशंटचा मुलगा दाराशी येऊन ओरडला, "सिस्टरबाई, माह्या बापाची सलाईन संपली वो, नळीत रक्त चढून राह्यलं! कोनी हाये का इथं?" बाळ रडलं, वार पडली, आईचा रक्तस्राव आटोक्यात आला, तेव्हा कुठं तिला निघता आलं. वॉर्डात पाचसहा जण वाट अडवून उभे होते. एकानं हात उगारला. रात्रीच्या मावशी मधे पडल्या म्हणून निभावलं.

सकाळच्या पाळीला ओव्हर देताना तिला रडू आवरेना. "मॅडम, मी बदलीचा अर्ज देते."

परिसेविका वयानं मोठ्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी रिपोर्ट बुक तिच्यापुढं सरकवलं. "यात तू काय लिहिलंस? बाळ-बाळंतीण सुखरूप. पेशंटची प्रकृती स्थिर. म्हणजे कागदावर कालची रात्र चांगलीच गेली की! तू गेलीस तर दुसरी पोर येईल, तीही हेच लिहील."

त्याच दिवशी त्यांनी दोनशे पानी वही मागवली. नियम दोनच. कुणाचं नाव नाही, कुणाला दोष नाही. फक्त वेळ, खाट, काय लागलं आणि किती उशिरानं मिळालं. आणि आपल्या हातून झालेला उशीरही लपवायचा नाही. पहिली नोंद त्या रात्रीचीच पडली : 'रात्री 2.10. लेबर रूममध्ये प्रसूती चालू. त्याच वेळी खाट 17 ची सलाईन संपली. 2.35 ला पोहोचले. मधली पंचवीस मिनिटं वॉर्डात कोणी नाही.'

दरवर्षी 12 मे रोजी, परिचारिका दिनाला, आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीपुढं दिवा लावतो. पण 1854 मध्ये ती स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली, तेव्हा दिव्याइतकंच तिनं टिपणांवर लक्ष दिलं. सैनिक जखमांपेक्षा घाणीतून येणाऱ्या रोगांनी जास्त मरतात, हे तिनं आकडे मांडून लंडनच्या सरकारला पटवलं. तिचं हे काम आपल्या भाषणांत फारसं येत नाही, आणि ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

वही लिहायला सगळ्या जणी लगेच तयार झाल्या नाहीत. एकीला मेमोची भीती. दुसरी म्हणाली, "लोक म्हणतील, या पेशंटचं सोडून स्वतःचंच रडगाणं गातात."

तेव्हा परिसेविकांनी मुंबईच्या केईएमची हकीकत सांगितली. 27 नोव्हेंबर 1973 ला अरुणा शानबाग या परिचारिकेवर त्याच रुग्णालयात, तिथल्याच कर्मचाऱ्यानं अत्याचार केला. मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. अरुणाची नीट काळजी घ्या आणि आम्हाला सुरक्षित कामाची जागा द्या, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात मागितल्या. पुढं खाट मोकळी करण्यासाठी पालिकेनं अरुणाला हलवायचं ठरवलं, तेव्हाही त्याच आड आल्या. 18 मे 2015 ला ती गेली तोपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ, परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं. "आता सांग, त्यांनी स्वतःचं मागितलं की पेशंटचं?" परिसेविकांनी विचारलं. कुणी बोललं नाही. पण त्या रात्रीपासून वहीत प्रत्येकीचं अक्षर दिसू लागलं.

महिन्यानं वही वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर गेली. पानं उलटता उलटता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही माझ्याविरुद्ध तक्रार आहे का, सिस्टर?"

"नाही सर. तुम्ही वर जे पत्र पाठवता, त्याला ही जोडायची आहे."

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत वही त्या तरुण सिस्टरनंच वाचली. सुरुवातीला आवाज कापत होता. खाट 17 ची नोंद आली तसा एक सदस्य म्हणाला, "थांबा. त्या रात्री लेबर रूममध्ये माही सून होती." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग कामाचं बोलणं सुरू झालं. ट्यूबलाइट आणि वॉर्डातून लेबर रूमपर्यंत घंटी, हा खर्च समितीच्या निधीतून होण्यासारखा होता. गंभीर पेशंटच्या खाटा लेबर रूमलगतच्या खोलीत हलवायला तर पैसाही लागणार नव्हता, फक्त एक दुपार आणि चार माणसं. रात्रीला दुसरी मावशी मिळाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलणं हा 2010 च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा आहे, असा बोर्ड दाराशी लागला. बोर्ड हवाच. पण माझ्या मते धाक बोर्डाचा कमी आणि गुण घंटीचा जास्त. हाक मारल्यावर कुणीतरी येतं हे दिसलं की माणसाचा जीव भांड्यात पडतो आणि मूठ आपोआप सैल होते.

रिकामी पदं मात्र समितीच्या हातात नव्हती. त्यासाठी वही जोडलेलं पत्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, बुलढाण्याला गेलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या महिन्यात नव्या नोंदींसह पुन्हा गेलं, तिसऱ्यातही. पाचव्या पत्रानंतर एक सिस्टर प्रतिनियुक्तीवर आली. दोन पदं अजून रिकामीच आहेत.

परिसेविका निवृत्त झाल्या. बदलीचा अर्ज त्या तरुण सिस्टरनं दिलाच नाही. आता दर बैठकीआधी अधीक्षकच तिला विचारतात, "सिस्टर, या महिन्यात वही काय म्हणते?" ती त्या दोन पदांपासून सुरुवात करते.