अभयाचे मोल

शांतता राखावयास गेलेल्या सैनिकाने निरपराध लोकांच्या रक्षणासाठी शस्त्र चालवावे काय, हा प्रश्न कुपवाडसारख्या कारखान्यांच्या गावी बसून चर्चिणे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु सातारा-सांगलीकडील घराघरांतून तरुण पिढ्यान्‌पिढ्या मराठा पलटणीत जात आले आहेत; आणि मार्च १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षक सेनेचे आधिपत्य प्रथम ज्यांजकडे आले, ते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार त्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. तेव्हा हा प्रश्न दूरचा असला तरी आम्हांस परका नव्हे.

शस्त्रसंयम सांगणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. शांतिसेना संख्येने थोडी व विखुरलेली. तिचे बळ उभय पक्षांच्या संमतीत असते. एकावर गोळी झाडताच ती स्वतःच युद्धातील एक पक्ष होते, धान्याच्या गाड्या अडतात, आणि ज्यांस वाचवावयाचे तेच अधिक संकटात पडतात. हे सारे खरे आहे. पण मग स्रेब्रेनिकाचे काय?

एप्रिल १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने ते नगर ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. तेथील लढवय्यांकडून बरीच शस्त्रे काढून घेण्यात आली. अशा सहा क्षेत्रांच्या रक्षणास सुमारे ३४,००० सैनिक लागतील, असे महासचिवांनी कळविले असता परिषदेने ७,६०० वर भागविले. नंबियार त्यापूर्वीच, मार्च १९९३ मध्ये, परतले होते. जुलै १९९५ मध्ये नगर पडले. थोडीशी डच फौज तेथे असतानाच सुमारे ८,००० पुरुष व मुलगे वेगळे काढून नेण्यात आले आणि मारले गेले.

आमच्या मते येथील मुख्य पाप गोळी न झाडण्याचे नव्हे. त्याआधी दिलेल्या पोकळ अभयाचे आहे. ज्यास कोणीच आश्वासन दिले नाही, तो रानावनांत पळून तरी जातो. ‘येथे तू निर्भय आहेस’ असे सांगून ज्याचे शस्त्र घेतले, त्याचे रक्षण करणे हे मग उपकार राहत नाही. ते ऋण होते. निःपक्षपातही अशा वेळी आड येत नाही. न्यायाधीश दोन्ही पक्षकारांस समान लेखतो, पण खून आणि जीवित यांस समान लेखत नाही.

शिबिराजाची कथा आपल्याकडे मुलांसही ठाऊक आहे. त्याने शरण आलेले कबूतर सोडले नाही, आणि तराजूत घातले ते स्वतःचे मांस. आज अभय देणारे न्यूयॉर्कच्या सभागृहात बसतात. तराजूत पडतात ती भारत, नेपाळ, बांगलादेश येथील शेतकऱ्यांची मुले. संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत एकट्या भारताचे दीडशेहून अधिक सैनिक कामी आले आहेत.

२००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका उच्चस्तरीय मंडळाने बलप्रयोगास पाच कसोट्या लावल्या: संकटाचे गांभीर्य, हेतूची शुद्धता, अन्य उपायांची समाप्ती, साधनांचे प्रमाण आणि परिणामांचा विचार. नंबियार त्या मंडळाचे सभासद होते. या पाचही आम्हांस मान्य आहेत. त्यांस सहावी जोडावीशी वाटते: वचन देणारा त्याचे मोल स्वतः भरावयास सिद्ध आहे काय? असेल, तर शांतिसैनिकाने निःशंक शस्त्र चालवावे. नसेल, तर कोणासही ‘भिऊ नकोस’ म्हणू नये.